रात्री दार कोणाचं वाजतं, ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: इंदूरमध्ये बांधकाम मजुरांच्या एका वस्तीत तुमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे लोक सहा वर्षं जाताहेत. पंचवीस-तीस घरं प्रार्थनेला बसतात. त्यातला एक हुशार मुलगा निवडून तुम्ही त्याला तीन वर्षं बायबल कॉलेजला पाठवलं, खर्च मंडळीने उचलला. आता तो परत आलाय, महिन्याचं मानधन मागतोय, वस्तीत राहायला तयार नाही आणि लोकही त्याला फारसं विचारत नाहीत. तुम्हाला हवंय ते हे, की दुसरा मुलगा कसा निवडावा आणि मानधन किती ठेवावं.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी इंदूरचाच. आजोबा नगरकडून इथल्या कापडगिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि सत्तावीस वर्षं वस्त्यांत हिंडून तोंडात बसलेली मोडकीतोडकी बारेली, म्हणजे इथल्या भिल आदिवासींची एक बोली, एवढ्या भांडवलावर मी हे काम करतो. जे सांगतोय त्यातलं बरंचसं चुकून शिकलोय.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. सगळी क्रियापदं तुमच्या बाजूची आहेत. आम्ही जातो, आम्ही निवडला, आम्ही पाठवला, आम्ही किती द्यावं. या सहा वर्षांत वस्तीने स्वतः काय ठरवलं? प्रार्थना कोणत्या वारी, कोणाच्या ओट्यावर, दानाचे पैसे कोणाकडे, आजारी माणसाकडे कोणी जायचं, यातलं एक तरी? जिथे लोकांना काही ठरवायचंच नसतं तिथे पाळक (पास्टर) पाठवला तरी तो आपला पाहुणाच राहतो. दुसरा मुलगा निवडलात तरी तीन वर्षांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल किंवा कॅथलिक असेल तर बाप्तिस्मा, प्रभुभोजन कोणी द्यायचं हे नियमाने ठरलेलं आहे. तिथे वस्तीतल्या माणसाची जागा वेगळी, पण ती लहान नाही. स्वतंत्र मंडळी असेल तर मोकळीक जास्त आणि एकाच घराण्याने सगळं ताब्यात घेण्याची भीतीही जास्त. दुसरं, वस्ती टिकून राहणारी आहे की हलती? माझ्याकडची निम्मी घरं बडवानी, खरगोन, झाबुआकडची. होळीआधी भगोरिया आला की ती गावी, पहिला पाऊस पडला की पेरणीला पुन्हा गावी. अशा वस्तीत एकच एक पाळक धरून चालता येत नाही. माणसं ख्रिस्ती विश्वासात येऊन किती काळ झालाय, हा तिसरा भाग. त्याकडे नंतर येतो, कारण त्यात बहुतेकांची गल्लत होते.

माझी एक चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका टाइल्स बसवणाऱ्या तरुणाला असाच हेरला होता. बोलणं सुरेख, गाणं त्याहून सुरेख. बाहेरच्या एका मित्रमंडळाकडून त्याला महिन्याला साडेचार हजार सुरू करून दिले, वर एक जुनी मोटरसायकल. तीन महिन्यांत त्याने टाइल्सचं काम सोडलं. आम्ही खूश, म्हटलं पूर्णवेळ सेवेत आला. वस्तीत मात्र त्याचं नाव पडलं ‘संस्थेवाला’. आधी संध्याकाळी सगळ्यांसारखे सिमेंटचे हात घासत नळावर उभा राहायचा, तिथेच अर्धी सेवा व्हायची. नंतर तो नळावर दिसेनासा झाला. पावणेदोन वर्षांनी पैसे येणं थांबलं आणि तोही थांबला. दोष त्याला देऊ नका. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या घरात काय झालं ते मी पाहिलंय. पगार ज्याच्या हातात, माणसाची नजर त्याच्याकडेच असते. मीच त्याची नजर वस्तीवरून काढून माझ्याकडे वळवली होती.

त्याच वस्तीत एक बाई होती, चाळिशीची, विटा वाहणारी, अक्षरओळख नसलेली. आमच्या यादीत तिचं नाव कुठेच नव्हतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आम्हा शहरातल्यांना वस्तीत पाऊल टाकता येईना. फोन केला की त्या ‘संस्थेवाल्या’ मुलाच्या जागी आणलेला दुसरा मुलगा सांगायचा, सगळं बंद आहे. दोन महिन्यांनी गेलो तर कळलं, काहीच बंद नव्हतं. ही बाई रोज चार घरं फिरायची. कोणाला ताप आहे, कोणाकडे पीठ संपलंय, कोण दारू पिऊन बायकोवर हात टाकतोय, तिला सगळं ठाऊक. रात्री अकराला कोणाचं पोर फिट येऊन पडलं तर दार तिचंच वाजायचं. प्रार्थना तिच्याच ओट्यावर, एका वेळी पाच माणसं बसवून. म्हणजे पाळक होतीच, आम्हाला दिसत नव्हती.

का दिसत नव्हती, यावर मी बराच विचार केला. ती बारेली बोलते. वस्तीत काही घरं जळगाव-बऱ्हाणपूरकडची, मराठी बोलणारी आहेत. आम्ही मराठी माणसं गेलो की साहजिकच त्यांच्याशी गप्पा रंगतात, चहा त्यांच्याकडे, निरोप त्यांच्याकडे, मग हिशेबाची वही पण त्यांच्याकडे. आपल्या भाषेत बोलणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो, इतकी साधी गोष्ट आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हेच भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी स्वतः कोणाला निवडलं नाही, ‘तुम्हीच तुमच्यातून सात जण शोधा’ असं लोकांना सांगितलं. आणि जे सात निवडले गेले त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिलं. तुमच्या वस्तीत कोणाची भाषा सभेत कधीच ऐकू येत नाही, ते मोजून बघा. तुम्ही ज्याला कॉलेजला पाठवलं तो मुलगा कोणत्या बाजूचा आहे, हेही.

म्हणून निवड कशी करावी याचं माझं उत्तर असं: निवड करू नका, विचारणा करा. दहा घरांत वेगवेगळं जाऊन हेच तीन प्रश्न विचारा. रात्री अडचण आली तर कोणाकडे जाता? भांडण झालं तर कोणाला बोलावता? आपले पैसे कोणाकडे ठेवायला भीती वाटत नाही? तीच तीच दोन-तीन नावं येतील. त्यात बहुधा एक बाई असेल आणि तुम्हाला भाषणबाज वाटणारा एकही नसेल. भिलांमध्ये तंटा मिटवायला बसतात त्याला भांजगडा म्हणतात. आपल्या कानाला शब्द भानगडीचा वाटतो, काम उलट. त्या बैठकीत ज्याचं बोलणं सगळे ऐकून घेतात, तो माणूस टिपून ठेवा.

एकटा माणूस शोधू नका हेही त्यातच आलं. पौल आणि बर्णबा हे सुरुवातीचे ख्रिस्ती प्रचारक लुस्त्र, इकुन्या, अंत्युखिया या गावांना परत गेले तेव्हा त्यांनी प्रत्येक मंडळीत ‘वडील’, म्हणजे मंडळी सांभाळणारी जाणती माणसं नेमली, अनेकवचनी. मोशेला त्याच्या सासऱ्याने दिलेला सल्लाही दहा-दहा माणसांवर एक असाच होता. वस्तीत एकाला पुढे काढलं की तीन गोष्टी होतात: त्याचे भाऊबंद फुगतात, बाकीचे रुसतात आणि ठेकेदाराला कोणाला दाबायचं ते कळतं. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आपल्या इंदूरजवळ उदयनगरला सिस्टर राणी मारिया भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या कर्जातून बाहेर काढायला, सरकारी कर्ज मिळवून द्यायला झटल्या आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून जाताना त्यांची हत्या झाली. २०१७ मध्ये इंदूरलाच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो. गरीब माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू लागला की कोणाचं तरी व्याज बुडतं. तीन-चार जण मिळून उभे असले तर तो भार वाटला जातो.

आता ती गल्लत. एक बाजू म्हणते, नवीन माणसाला जबाबदारी देऊ नका, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, नवशिका नसावा. दुसरी बाजू लुस्त्र-इकुन्या दाखवते, तिथले वडील तर थोड्याच काळापूर्वी विश्वासात आलेले. दोन्ही खरं आहे. ज्याला ते पत्र लिहिलं तो पौलाचा सोबती तीमथ्य इफिसात होता, तिथली मंडळी जुनी. दुसरा सोबती तीत याला पौलाने क्रेत बेटावर सोडलं होतं, तिथलं काम नवं. त्याला वडिलांच्या गुणांची तशीच यादी दिली आहे, पण त्यात नवशिका नसण्याची अट नाही. मी यातून माझ्यापुरता असा धडा काढलाय की काम लवकर द्यावं, पद उशिरा द्यावं. चटई अंथरणं, आजाऱ्याकडे जाणं, वचन सांगणं, हिशेब ठेवणं हे पहिल्या वर्षीच त्यांच्या हातात. ‘पास्टर’ हा शब्द पाच वर्षं तरी कोणाच्या नावामागे लावू नये. शब्द लागला की खुर्ची येते, खुर्ची आली की चटईवरचे लोक लांब जातात.

शिकवण्याबद्दल. कॉलेजच्या विरोधात मी नाही, स्वतः शिकलोय. पण सेरामपूरची धर्मशिक्षणाची पदवी हे एक काम आणि वस्तीतली मंडळी सांभाळणं हे दुसरं. माणसाला उचलून कॉलेजात नेण्याऐवजी अभ्यास माणसाकडे न्यावा ही कल्पना १९६३ मध्ये ग्वाटेमालाच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनी करून पाहिली, १९७१ पासून बंगलोरहून आपल्याकडे ‘टॅफ्टी’ या संस्थेच्या नावाने चालू आहे. पुस्तक घरी वाचायचं, आठवड्यातून एकदा भेटून चर्चा करायची. दहावीपर्यंत शिकलेल्याला हे उत्तम. माझ्या विटावाल्या बाईला त्याचा उपयोग शून्य, म्हणून तिच्यासाठी कान आणि तोंड.

आमची पद्धत अशी. मंगळवारी रात्री साडेआठ, चाळीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, कारण माणसं दिवसभर वाहून आलेली असतात आणि नवव्या वाक्याला डुलायला लागतात. एक गोष्ट सांगायची, हरवलेलं मेंढरू म्हणा. मग प्रत्येकाने ती आपल्या भाषेत परत सांगायची. चुकलं की बाकीचे दुरुस्त करतात, मी गप्प. पुढच्या मंगळवारी पहिला प्रश्न एकच: कोणाला सांगितली? सांगितली नसेल तर नवी गोष्ट नाही, जुनीच पुन्हा. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात पौल चार पिढ्या एका वाक्यात मोजतो, पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ती. आमची परीक्षा तेवढीच. एकदा या बाईने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना त्याला डुकरांच्या ऐवजी सुरतला साइटवर पाठवला, मुकादमाने पैसे बुडवले आणि तो उपाशीपोटी बसस्टँडवर बसला. बापाने लांबून ओळखलं ते कशावरून? ‘चालीवरून,’ म्हणाली, ‘डोक्यावर ओझं नसलं तरी तो ओझं असल्यासारखा चालत होता.’ मी आयुष्यात एवढं चांगलं प्रवचन केलेलं नाही.

गोष्टींबरोबर दुसरा अभ्यासक्रम असतो, तो कोणत्याही पुस्तकात नाही. एम. वाय. हॉस्पिटलमध्ये केसपेपर कुठे काढायचा. मजुराचं कार्ड कसं होतं. वस्तीत कोणी गेलं, गावाकडचे यायला दोन दिवस लागणार, तर मृतदेह कुठे ठेवायचा, दफनाची परवानगी कोणाकडून, खड्ड्याचे पैसे कोण देणार. मयताच्या वेळी जो माणूस ही सगळी धावपळ करतो त्याला लोक पाळक मानतात, त्याच्याकडे प्रमाणपत्र असो नसो. पहिल्या दोन वेळा मी बरोबर जातो, तिसऱ्या वेळी फोनवर, चौथ्या वेळी मला दुसऱ्या दिवशी कळतं. हे चौथं येईपर्यंत घाई करायची नाही, आणि आलं की रुसायचं नाही. दुसरं जास्त अवघड आहे.

आता पैसे, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. सुरुवातीला बाहेरून मानधन नको. वस्तीने पहिला रुपया देईपर्यंत तर नकोच. ‘इतके गरीब लोक काय देणार’ हे मी पण म्हणायचो. मिझोराममध्ये बायका रोज भात टाकताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला ठेवतात, शंभर वर्षांहून जुनी प्रथा आहे, त्या मुठीवर तिथल्या मंडळ्यांनी स्वतःचे सेवक पाठवलेत. आमच्या वस्तीत रविवारी चटईच्या मधोमध बिस्किटाचा रिकामा डबा असतो. सभा झाली की डबा सर्वांसमोर उपडा करायचा. मागच्या रविवारचं सांगतो: एकशे त्र्याऐंशी रुपये, दोन अंडी, पाव किलोच्या आसपास मसूर. आठवीतली मुलगी वहीत लिहिते, दोघं सही करतात, एक जण अंगठा लावतो. अंडी तिथेच लिलावात निघतात आणि नेहमी बाजारभावापेक्षा महाग जातात. त्या डब्यातून सेवकाचा बसखर्च निघतो आणि मयत किंवा आजारपणात त्याचा रोज बुडाला तर तेवढ्या दिवसाचा रोज मिळतो. बाकी दिवस तो कामावर जातो. पौल तंबू शिवत होता, हा प्लास्टर करतो.

हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, व्यवहार म्हणून सांगतोय. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला, एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. माझ्या ओळखीतल्या कितीतरी गावांतली मानधनं त्या वर्षात थांबली. डबा उपडा करणाऱ्या मंडळ्यांना त्याची बातमीसुद्धा लागली नाही. आपल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हे भक्तमंडळ सुरू केलं, तेव्हा त्यांना हीच टोच लागली असावी असं मला वाटतं. पगारी माणसाचा अभंगही लोकांना पगारी वाटतो.

पण इथे एक सावधगिरी. स्वावलंबनाच्या नावाखाली सेवकाला उपाशी ठेवणारे पण मी पाहिलेत, विशेषतः स्वतः पगार घेणारे. वस्ती पन्नास-साठ घरांची झाली, माणूस आठवड्यातले तीन दिवस सेवेत घालवू लागला, तर त्याला आधार द्यायलाच हवा. तेव्हा वस्तीचा वाटा आधी, तुमचा नंतर, आणि तुमचा दरवर्षी कमी होत जाणारा. रक्कम वस्तीतल्या मिस्त्रीच्या कमाईपेक्षा जास्त नको. पोरांची शाळेची फी, आजारपण यासाठी वेगळी मदत करा, तीही मंडळीच्या वडिलांच्या हातून.

मदतीवरून कायद्याचा मुद्दा. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा आणि कडक आला. त्यात भेटवस्तू, रोख, नोकरी हे सगळं ‘प्रलोभन’ या शब्दात बसतं, आणि धर्मांतर करायचं तर जिल्हाधिकाऱ्याला ६० दिवस आधी सूचना देण्याची तरतूद आहे. वकिलाशी एकदा बसून बोला, ऐकीव माहितीवर जाऊ नका. माझा वस्तीतला नियम कायद्याच्या आधीपासूनचा आहे: रेशन आणि वचन एका हाताने द्यायचं नाही. पिठाचं पोतं द्यायचं तर सगळ्या गल्लीला, प्रार्थनेला येवो न येवो, आणि रविवार सोडून. आणि कृपा करून पाहुण्यांना वस्तीत फोटो काढू देऊ नका. फोटो पुण्याला किंवा परदेशात जातो, त्रास मात्र इथे राहणाऱ्या माणसाला होतो.

तुमच्या त्या मुलाचं काय, हे राहिलं. त्याला टाकू नका. त्याची तीन वर्षं तुमच्या निर्णयाची आहेत, त्याच्या एकट्याच्या नाहीत. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारा की कॉलेजला जायचं कोणाच्या मनात होतं. माझ्याकडच्या एकाने याचं उत्तर दिलं होतं, ‘तुम्ही सगळे इतके खूश होता, नाही कसं म्हणू?’ तो आता एका शाळेत क्लार्क आहे आणि शनिवारी आमच्या तीन वस्त्यांतल्या वडिलांना वाचायला शिकवतो. ज्याला वाचता येतं त्याने वाचून दाखवावं आणि ज्याचं लोक ऐकतात त्याने अर्थ सांगावा, अशी जोडी आमच्याकडे छान जमली आहे. तुमच्याकडेही जमेल की नाही, ते त्याने वस्तीच्या दारात आधी किती काळ निमूट बसायची तयारी दाखवली त्यावर आहे.

आणि एक काम लगेच करा. पहिला पाऊस पडला की तुमची निम्मी वस्ती पेरणीला गावी जाईल. सभेच्या खोलीची चावी, डबा आणि वही त्या दोन-अडीच महिन्यांत कोणाकडे राहणार, हे मेमध्येच वस्तीला ठरवू द्या. तुम्ही त्या बैठकीला जाऊ नका. कोणाचं नाव ठरलं ते मला नंतर कळवा.